महानंदाक्काचे हात

बायकांनी हातमोजे काढून ठेवले, आणि मोजे हलतच राहिले.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. संपाची किती दिवसांची ठरवाठरवी, जिन्याखालची दबकी भांडणं, ऐनवेळी कोण कच खाईल याची धाकधूक. आणि मग पद्माक्का येमूलनं पदर खोचून "काढा गं" म्हटलं, तशा सगळ्या रांगांतून मनगटाचे पट्टे चर्रकन सुटले. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणाला उगाच हसू फुटलं. ओलसर झालेले हात साडीला, ओढणीला पुसत बायका दाराकडे निघाल्या.

भाग्या म्हेत्रे सगळ्यांत मागं होती. तिनं वळून बघितलं.

प्रत्येक टेबलाला एक हलकी कमान असायची आणि तिला कोपरापर्यंत लांब राखाडी मोजे जोडलेले असायचे. आत आता कुणी नव्हतं. तरी एक मोजा चमचा धरल्यासारखा वर जायचा, थांबायचा, पलीकडचं माणूस गिळेपर्यंत वाट बघायचा, पुन्हा खाली यायचा. एक नुसता थोपटत होता. एक कुणाच्या तरी पायाच्या बोटांमधून तेल फिरवत होता. झरोक्यातून आलेलं सकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं आणि रिकामी बोटं आपापलं काम मुकाट करत होती.

"अक्का," भाग्या म्हणाली, "हे थांबलेच न्हाईत."

पद्माक्का दारातून परत आली. आपल्या टेबलापाशी उभी राहिली. तिचा मोजा हवेत केस विंचरत होता. गुंता आला की मुळाशी दोन बोटं दाबून, मग खालून हळूच. अगदी तिच्यासारखा.

"अगं बया," पद्माक्का म्हणाली. "ही तर मीच हाय की."

*

हातघर म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातलं विड्यांचं जुनं गोदाम. चुना लावून लावून भिंती पांढऱ्या केल्या, तरी दमट दिवसांत तंबाखूचा वास उतू यायचा. इथं पूर्वी बायका वळलेल्या विड्या घेऊन रांगेत उभ्या राहत. आता त्यातल्याच काही, आणि बाकीच्यांच्या लेकी-सुना, इथं बसून हात भाड्यानं देत. बाई सोलापुरात, तिचे हात नागपुरात, मस्कतमध्ये, टोरांटोत. तिकडं पलंगाच्या कडेला एक यंत्र उभं असे, दोन हातांचं, तोंड नसलेलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची लेकरं फोनवरून हातांची वेळ ठरवत, आणि ठरल्या वेळी यंत्राच्या हातांत सोलापूरची बाई येई. भरवी, पुसे, तेल लावी, पाठ चोळी.

अडचण होती ती उशिराची. इथं बोट हललं की तिथं ते पापणी लवण्याइतकं मागून हलायचं. आवाज उशिरा पोचला तर माणसं 'हॅलो, हॅलो' करून निभावून नेतात. स्पर्शाला तेवढा उशीर चालत नाही. पेला दातांवर आपटतो, पाठीवरचा हात परका होतो. म्हणून कंपनीच्या इंजिनिअरांनी यंत्राला अंदाज बांधायला शिकवलं. प्रत्येक बाईच्या हाताचं वळण ते रात्रंदिवस शिकत गेलं. पुढच्या क्षणी हे बोट कुठं असेल ते आधीच ओळखून तिकडचा हात हलवू लागलं. खरा हात मागून यायचा आणि अंदाज चुकला असेल तर दुरुस्त करायचा. जिवंत हात सांगेल ते खरं, एवढा एकच नियम यंत्राला दिला होता. या अंदाजाला कंपनी सावली म्हणायची.

सावली आधी पापणीपुरती होती. मग नेटवर्क तुटलं की क्षणभर तीच काम चालवू लागली. मग बाईला ठसका लागला, बाई पाणी प्यायला उठली, तेवढ्यापुरती. बायकांना बरंच वाटायचं. कुणाला वाटलं होतं, की ती एक दिवस बाईवाचून अख्खा दिवस काढील?

या सगळ्या सावल्यांच्या मुळाशी एक सावली होती: महानंदा म्हेत्रेची. भाग्याच्या आईची. पहिल्या तुकडीतली ती. तिच्या हाताला असं काही होतं, की चिडलेली म्हातारी माणसं तिच्या स्पर्शानं निवायची. मग कंपनीनं ठरवलं, नवी बाई आली की तिची सावली कोऱ्या पाटीवरून सुरू न करता महानंदाच्या सावलीवर चढवायची; वरचं वळण त्या बाईचं, खालचा पाया महानंदाचा. कंपनी त्याला मूळ वळण म्हणे. बायका म्हणत, महानंदाक्काचा हात.

मागच्या श्रावणात महानंदा छातीच्या दुखण्यानं गेली. तिचे मोजे कोपऱ्यातल्या टेबलावर तसेच राहिले, आणि तेराव्याच्या आतच कंपनीनं तिची सावली पुन्हा कामाला लावली.

भाग्या तेव्हा संतापायला हवी होती. पद्माक्का संतापली, साहेबाच्या केबिनसमोर उभी राहून ओरडली, "मेलेल्या बाईला तरी सुट्टी द्या की रे!" भाग्या मात्र एक दिवस सकाळी लवकर आली आणि कुणी बघत नाही असं पाहून तिनं आईच्या मोज्यात हात घातला.

मोज्याच्या आत बारीक तारा असत. सावली हलली की त्या हाताला ओढत. भाग्याचा हात सैल होता आणि आईचा हात त्याला घेऊन चालला होता. तेलाच्या वाटीत बोटं बुडवायची, एकदा काठावर निथळायची, करंगळी जराशी वर ठेवायची. ती करंगळी! भाग्या तिथंच रडली, आणि रडताना तिचा डावा हात कुणा अनोळखी माणसाच्या कपाळावर तेल चोळत होता.

कंपनीला ते कळलं आणि आवडलंही. सावलीवर अधूनमधून जिवंत हात फिरायला हवा असतो, नाहीतर ती वाहवते. आणि महानंदाच्या वळणाच्या सगळ्यांत जवळचा हात तिच्या लेकीचा. त्याला दुरुस्तीला बसणं म्हणत. भाग्या रोज बसू लागली. कुणी विचारलं तर काम म्हणायची. घरी तिच्यासाठी थांबणारं आता कुणी नव्हतं.

*

संपाचे पहिले दिवस जत्रेसारखे गेले. गेटसमोरच्या कडुलिंबाखाली सतरंजी, कुणाच्या घरचं शेंगाचटणीचं फडकं, कुणाची भाकर. मागण्या साध्या होत्या. दोन कामांच्या मधे बायकांना मोजे घालून ताटकळत बसावं लागे, कधी तासन्‌तास. मोजा काढला तर पुढचं काम दुसरीला जाई, आणि त्या बसण्याची मजुरी शून्य. ती द्या. आणि आता दुसरी मागणी: बाईचा हात बाहेर, तर सावलीही बाहेर.

पण आत सगळं सुरळीत चाललं होतं. फोनवर गिऱ्हाइकांनी कामाला दिलेल्या चांदण्या येतच होत्या.

"मला पाच चांदण्या!" एकजण फोन नाचवत म्हणाली. "हितं बसून भाकर खाल्ल्याबद्दल."

"मला चारच. माझी सावली माझ्यापेक्षा आळशी दिसतीय."

"तुला कामाला ठेवून फसले हुते, सावली तरी कशी निघंल?"

हसून झाल्यावर गप्पा थांबत. मग भिंतीपलीकडून आवाज येई: कमानींचा बारीक, एकसारखा करकर आवाज. तो ऐकत बायका आपल्या मांडीवरच्या हातांकडे बघत बसत. आपल्याशिवाय आपण आत आहोत, हे सहन होत नसे.

एके दुपारी शार्दूल गोसावी भाग्याच्या घरी आला. हातघराचा व्यवस्थापक, मूळचा लातूरचा. वयानं भाग्याएवढाच असेल. बूट बाहेर काढून तो आत आला आणि महानंदाच्या फोटोला नमस्कार करून सतरंजीवर बसला. भाग्यानं पाणी दिलं.

"संपाबद्दल बोलायला नाही आलो," तो म्हणाला. "आईंबद्दल आलोय."

"बोला की."

"तू दुरुस्तीला येत नाहीस. मूळ वळण वाहवायला लागलंय. अजून थोडं आहे, पण वाढेल." त्यानं पेला खाली ठेवला. "खोटं नाही सांगत. बाकीच्या सावल्या गेल्या तर कंपनीचे पुणेवाले परत बनवतील. पण मूळ वळण एका हद्दीबाहेर गेलं, की ते पुसून टाकणार. मग आई उरणार नाहीत."

"आणि मी बसले तर?"

"तर त्या राहतील. सुधारलेलं वळण आपोआप सगळ्या सावल्यांत उतरतं. सगळं पूर्ववत."

"म्हंजे संप मोडतो."

उठताना शार्दूलनं परत एकदा फोटोकडे बघितलं. "माझ्या आजोबांना तुझ्या आईंच्याच हातांनी भरवलेलं आहे," तो म्हणाला आणि बूट घालून गेला.

भाग्यानं हे पद्माक्कापासून लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली सगळं सांगितलं. पद्माक्का महानंदाची सुपाची सोबतीण. दोघींनी लहानपणापासून शेजारी बसून विड्या वळलेल्या. ती बराच वेळ लिंबाच्या काड्या मोडत राहिली.

"ह्या बायकांना मी शब्द दिलाय," ती शेवटी म्हणाली. "तू आत गेलीस तर मी त्यांना काय तोंड दाखवू? पर आई तुझी हाय, लेकी. मी जा म्हणणार न्हाई, नको जाऊ असंबी म्हणणार न्हाई."

"तू काय केलं असतंस?"

"मला इचारू नको. मी रोज त्या भिंतीला कान लावते. तिचा आवाज वळखू येतो का बघते."

*

नागपूरहून फोन आला तो त्याच आठवड्यात. काळमेघ आजींचा. अर्धांगानं त्यांची उजवी बाजू गेलेली. सकाळची वेळ त्यांनी महानंदाच्या हातांची घेतलेली असे, संध्याकाळची भाग्याची. नंबर देणं नियमात बसत नव्हतं, पण एका संध्याकाळी वरण भरवता भरवता भाग्यानं तो चादरीवर बोटानं लिहून दिला होता. संपाची खबरही तिनंच दिली होती, आणि आजींनी शेजारच्या निर्मलेला 'हात आले नाहीत तर तू ये' असं सांगून ठेवलं होतं.

"भाग्या, काय करून राहिली वं?" आजींचा आवाज जरा घाबरा होता. "ते सकाळचे हात बिघडले का गं?"

"काय झालं आजी? लागलं का कुठं?"

"लागलं नाही बाप्पा. वेणी घालता घालता थांबले. मग माझ्या पदराचं टोक घेतलं अन् त्याची सुरळी करून राहिले. केली, बाजूला ठेवल्यासारखी केली, पुन्हा दुसरी. तासभर! मी म्हटलं बाई, झालं ना आता. पण ऐकतच नाही. माझ्याकडे लक्षच नाही त्यांचं." जरा थांबून त्या म्हणाल्या, "त्या बाईला म्हणावं, काही दुःख असेल तर सांग मला. मी कंपनीत तक्रार नाही करत."

भाग्यानं डोळे मिटले. हे तिनं आजवर सांगितलं नव्हतं.

"आजी, ती माझी आई. ती मागच्या श्रावणात गेली."

फोनमधून फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"मग इतके दिवस," आजी म्हणाल्या, "माझे केस कोण विंचरून राहिलं?"

संध्याकाळपर्यंत सगळीकडून चित्रफिती येऊ लागल्या. गिऱ्हाइकांच्या लेकरांनी काढलेल्या. मस्कतमध्ये एक यंत्र रुमालाची सुरळी करत होतं. टोरांटोत, बर्फाच्या उजेडात, दोन हात नुसतीच हवा वळत होते, आणि पलंगावरचा म्हातारा उशीला पाठ दाबून त्यांच्याकडे बघत होता. लिंबाखाली एकाच फोनवर बायकांची डोकी वाकली.

"थांब. परत लाव," पद्माक्का म्हणाली.

तिनं फोनकडे बघत स्वतःचे हात वर धरले. डाव्या तळव्यावर काहीतरी पसरलं, उजव्या चिमटीनं त्यात काही भुरभुरलं, अंगठ्यानं गुंडाळलं, नखानं तोंड मुडपलं, दोऱ्याचा वेढा दिला. फोनमधले हात आणि तिचे हात एकत्र चालले होते.

"इडी," ती म्हणाली. "इड्या वळायलेत गं."

पहिल्यांदा हशा झाला. मग एकेकीचं हसू विरलं, कारण हळूहळू सगळ्यांना उमगलं. मोजे घालून ताटकळायचे ते तास. मोजा काढायचा नाही, मजुरी नाही, आणि घरी सुपात अर्ध्यावर राहिलेलं काम. मोजे पातळ, बोटाला पान कळायचं. महानंदा आणि तिच्या वयाच्या बायका सूप घेऊनच येत. काम नसलं की मांडीवर सूप आणि मोज्यातल्या मोज्यात विड्या. यंत्र रात्रंदिवस शिकत होतं. बाई कुणाला भरवतेय की विडी वळतेय, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. हात जे करील ते त्यानं टिपलं. आणि या हातांनी सगळ्यांत जास्त काय केलं होतं? वाट पाहिली होती. जिवंत हात वरून हटले, तशा सावल्या सगळ्यांत खोल पडलेल्या चाकोरीत उतरल्या.

"पर माझी कशी?" एक तरणी पोर घाबरून म्हणाली. "मी तर जन्मात इडी वळली न्हाई."

"तुझ्या खाली महानंदाक्काचा हात हाय," पद्माक्का म्हणाली.

भाग्या उठून बाजूला गेली. तिनंही कधी विडी वळली नव्हती. आईनं सुपाला हात लावू दिला नव्हता. जवळ गेली तर हातावर फटका बसायचा, आणि मग आई तोंडातल्या तोंडात म्हणायची:

*पानात जर्दा, त्याला दोऱ्याचा गं फास*
*बोटं वळती विडी, मन लेकीच्या आसपास*

आणि आता जगाच्या पाठीवर कुठंतरी भाग्याची सावली, आईनं जपून ठेवलेले ते हात, विड्या वळत होते.

*

शार्दूल गेटवर आला तो सगळ्यांदेखत. शर्ट चुरगळलेला.

"पुण्याहून आलंय," तो भाग्याला म्हणाला. "जुन्या प्रती लावून बघितल्या. थोडा वेळ नीट चालतात, मग तिथंच येतात. उद्या मूळ वळण पुसणार. आज तू बसलीस, तर ते वाचेल."

सगळ्या बायका भाग्याकडे बघत होत्या. कुणी तिची बाजू घेतली नाही, कुणी शिवी दिली नाही. पद्माक्कानं मान फिरवली.

"बसते," भाग्या म्हणाली.

मागून कुणीतरी 'अरेरे' म्हटलेलं तिला ऐकू आलं. ती चालत राहिली.

आत दुपारचा उजेड होता आणि सगळ्या रांगांतून मोजे विड्या वळत होते. एका तालात. ज्यांनी तंबाखू शिवला नव्हता तेसुद्धा. सुरळी, तोंड, दोरा, बाजूला. सुरळी, तोंड, दोरा, बाजूला. मधल्या वाटेनं जाताना भाग्यानं ओढणी अंगाशी घट्ट धरली, जणू कुणाचा धक्का लागेल.

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तिनं हात घातले. तारांनी ते लगेच उचलले. शार्दूल शेजारच्या पडद्यापाशी उभा राहिला. पडद्यावर काळमेघ आजींची खोली होती, निर्मला त्यांच्या उशाशी बसली होती.

"थोडा वेळ सैल सोड," तो म्हणाला. "मग हळूहळू वेणीच्या कामावर आण. तुझं ऐकतील ते."

भाग्यानं सैल सोडलं. आईचा हात तिला पानापानातून घेऊन चालला. करंगळी तशीच, जराशी वर. ती वाट बघत राहिली, की आता तो हात जरा थबकेल, आपली बोटं ओळखेल, एकदा दाबेल. इतके महिने तिनं तसंच मानलं होतं: आई हात धरते आहे. पण हाताला कुणाची ओळख नव्हती. त्याला पुढचं पान घ्यायचं होतं. ते झालं की त्याच्या पुढचं. सूप संपणारच नव्हतं.

आई आपल्यासाठी मागं थांबलेली नाही, हे भाग्याला तिथं, त्या उजेडात कळलं. आईला फक्त कुणी 'आता पुरे' म्हटलेलं नव्हतं. आणि म्हणणार तरी कोण? विसावा यंत्राला कुणी शिकवलाच नव्हता. बाई विसावली की तिचे हात मोज्याबाहेर असत.

तिनं दोन्ही हात हळूच मांडीवर आणले. तळवे वर, बोटं सैल. आणि तसेच ठेवले.

तारा ताणल्या. आईचे हात पानाकडे निघाले. भाग्यानं जोर केला नाही, नुसता भार ठेवला, तापानं तळमळणाऱ्या माणसाचा हात धरून बसतात तसा. ओढ आली, गेली. पुन्हा आली. मनगटं ठणकू लागली.

"काय करतेयस?" शार्दूल म्हणाला. "हे मूळ वळण आहे. तू जे करशील ते सगळीकडे जाईल."

"जाऊ द्या."

"अगं, मग काहीच उरणार नाही. त्या कधी हलणारच नाहीत परत!"

भाग्या हळू आवाजात म्हणत होती, आईच्या चालीत, पण शब्द आईचे नव्हते. ते तिथंच, एकेक करून सुचत होते.

*सूप टेकलं भिंतीला, दोरा गुंडाळला बाई*
*तुझ्या दमल्या हाताला आता कुणी हाक नाही*

शार्दूल मोजे बंद करायच्या बटणाकडे गेला. हात पुढे केला, आणि तसाच राहिला, कारण त्याच्या बाजूच्या रांगेतला मोजा दोऱ्याचा वेढा अर्धा टाकून थांबला होता. मग तो कमानीवरून खाली आला. तळवा वर. मग त्याच्या शेजारचा. रांगेमागून रांग मंदावत गेली, जसा गिरणीचा पट्टा उतरवल्यावर आवाज खाली खाली जातो. शार्दूलच्या खिशात फोन वाजू लागला. तो वाजतच राहिला.

पडद्यावर नागपूरच्या खोलीत यंत्राचे हात पलंगपोसावर उतरले होते. काळमेघ आजींनी डावा हात सरकवत सरकवत नेला आणि त्यातल्या एकावर ठेवला. निर्मलेला त्या काहीतरी म्हणाल्या. निर्मलेनं पंखा कमी केला.

आईचे हात सगळ्यांत शेवटी थांबले. एकदा उजवी चिमूट उघडली, मिटली. करंगळी थरथरली. मग भाग्याच्या बोटांवरचा ताण गेला, आणि मोज्यात फक्त तिचे स्वतःचे हात उरले, जड आणि कोमट.

गोदामात इतकी शांतता कधीच झाली नव्हती. बाहेरच्या बायकांना ती ऐकू गेली असावी. दार करकरलं, पद्माक्का आत आली आणि तिच्यामागं बाकीच्या, दारातच थबकलेल्या. रांगांतून तळवे वर करून पडलेल्या त्या मोज्यांकडे त्या बघत राहिल्या.

"भाग्या!" पद्माक्काचा आवाज घुमला. "काय केलंस गं तू? बंद पडले का काय सगळे?"

भाग्यानं मांडीवरून नजर उचलली नाही.

"हळू बोल, अक्का," ती म्हणाली. "आत्ताच टेकलेत."